पोतं घेऊन पाणलाव्याच्या शिकारीला

लाफायेट, लुइझियाना
१ मार्च

तीर्थरूप बाबा आणि आई,

साष्टांग नमस्कार. वि. वि. आम्ही सगळे मजेत आहोत. इकडची थंडी संपत आली.

ओमने गेल्या रविवारी फोनवर काय काय सांगितलं आणि त्यावरून आईने कसा धसका घेतला, ते दादाकडून कळलं. "पोराक रातीचा रानात धाडतत आणि म्हणे शिबिर!" असं दिवसभर चाललं होतं म्हणे. फोनवर समजावायला गेले तर तुमचा स्पीकर, टीव्हीवरची मालिका आणि मध्येच डोकावणाऱ्या काकी यांत निम्मं हरवतं. म्हणून सविस्तर लिहिते आहे. दादाने छापून द्यावं आणि बाबांनी मोठ्याने वाचावं.

आई, आधी तुझ्यासाठी. ओमच्या हातात बंदूक नव्हती. गोणपाटाचं एक पोतं होतं, बस्स. आणि तो एकटाही नव्हता. त्यांच्या मास्तरांपैकी एकजण पूर्ण वेळ वीस पावलांवर झाडाआड उभे होते. ओमला ते नंतर कळलं आणि त्याचाच त्याला जास्त राग आला.

झालं असं की मार्डी ग्रा या इकडच्या सणाच्या सुट्टीत स्काउटच्या पोरांचं दोन रात्रींचं शिबिर होतं. ओम या वर्षी नवा. इकडे नवं पोर आलं की रात्री शेकोटीपाशी मोठी मुलं अगदी गंभीर तोंड करून 'स्नाइप' नावाच्या प्राण्याच्या गोष्टी काढतात. एक म्हणतो तो पक्षी आहे, पण उडत नाही. दुसरा म्हणतो सशाएवढा असतो आणि त्याचे डोळे लाल असतात. तिसऱ्याच्या मामाला तो चावलेला असतो. दोन दगड एकमेकांवर आपटले की तो आवाजाकडे धावत येतो, उजेडाला भितो, वगैरे. पोराच्या मनात ते नीट मुरलं की त्याला अंधारात लांब नेतात, एखाद्या ओहोळापाशी पोत्याचं तोंड उघडं धरून बसवतात आणि बजावतात, "तू जागचा हलू नकोस, आम्ही पलीकडून हाका घालतो, स्नाइप सरळ तुझ्या पोत्यात शिरेल." मग हे हाकारे पाचदहा मिनिटं झुडपं बडवतात आणि गुपचूप शेकोटीपाशी येऊन मार्शमेलो भाजत बसतात. तिकडे ते पोर पोतं धरून बसलेलं. कधी त्याचं त्यालाच उमगतं, कधी कुणीतरी दया येऊन आणायला जातं.

ही थट्टा अमेरिकेत १८४०च्या दशकापासून तरी चालत आलेली आहे. तेव्हा ती शिबिरातल्या पोरांची नव्हती. शहरातून खेड्यात आलेला शहाणा, नवा गडी, नवा जावई अशांना लोक पोतं घेऊन बसवायचे. आता ती शिबिरांत उरली आहे. तिच्या बरोबरीने आणखीही काही चालतं. नव्या पोराला शेजारच्या तंबूत पाठवतात, "जा, डावखुऱ्यांसाठीचा धूर हटवायचा दांडा घेऊन ये," आणि तो तंबूतंबूंतून हिंडत राहतो. सगळ्या तंबूवाल्यांना ठाऊक असतं की त्याला पुढे धाडायचं.

तर ओमला बसवलं. पण बाबा, या पोराने गेल्या जूनमध्ये तुमच्याबरोबर पहिल्या पावसात मेरेवर बॅटरी घेऊन कुर्ल्या धरल्या आहेत. रात्री, पाण्याजवळ, पोतं घेऊन काहीतरी धरायचं यात त्याला काडीचंही नवल वाटलं नाही. उलट मोठ्या मुलांची पद्धतच त्याला चुकीची वाटली. त्याने पोतं हातात धरून ठेवलंच नाही. दुपारी पाऊस झाला होता, चर वाहत होता. चर अरुंद होता तिथे त्याने पोत्याचं तोंड आडवं लावलं, खालच्या काठावर दगड ठेवला आणि वरच्या अंगाने पायाने पाणी ढवळत खाली आला. हे तुम्ही शिकवलेलं. इथल्या चरांत या दिवसांत क्रॉफिश असतात. शेवंडाच्याच जातकुळीतले, पण गोड्या पाण्यातले आणि बोटाएवढे. मोठी पोरं खिदळत परत आली तेव्हा पोत्यात मूठभर क्रॉफिश आणि एक बेडूक होता. "स्नाइप नाही आला, पण हे आलेत, उकडायचे का?" असं त्याने विचारलं म्हणे. मास्तरांनी ते परत पाण्यात सोडायला लावले. थट्टा सपशेल पडली.

ओमला वाईट वाटलं ते दुसऱ्या दिवशी. मास्तरांना त्याने विचारलं की स्नाइप म्हणजे नक्की काय. मास्तर हसून म्हणाले, असा काही प्राणी नसतोच, बाळा, तीच तर गंमत. सगळी मोठी मुलं हसली. घरी येताना गाडीत तो गप्प होता.

संध्याकाळी कुंपणापाशी त्याने ही सगळी कहाणी शेजारच्या मिस्टर रे यांना ऐकवली. इकडे दक्षिणेत वडीलधाऱ्यांना नावापुढे मिस्टर लावून हाक मारायची रीत आहे, म्हणून मिस्टर रे. वय पंचाहत्तरच्या पुढे. आयुष्यभर मेक्सिकोच्या आखातातल्या तेलविहिरींवर काम केलं, दोन आठवडे समुद्रात आणि दोन आठवडे घरी. घरी असताना शेती. क्रौलीच्या बाजूला त्यांचं भातशेत आहे, आता मुलगा बघतो. ते क्रौली म्हणजे स्वतःला अमेरिकेची तांदळाची राजधानी म्हणवणारं गाव. बाबा, तुम्ही आलात की तिथे नेते. नुसती सपाट भातखाचरं, डोळे पोचतील तिथवर. फक्त कुणगे आपल्यासारखे लहान नाहीत, एकेका कुणग्यात आपली अख्खी वाडी मावेल. ऑगस्टमध्ये भात कापतात, मग शेतात पाणी सोडून त्याच खुंटांत क्रॉफिश वाढवतात आणि हिवाळाभर पिंजरे लावून धरतात. एका जमिनीत भातही आणि मासळीही.

मिस्टर रे यांनी ऐकून घेतलं, "नसतो म्हणाले?" असं एकदा विचारलं आणि घरात गेले. परत आले ते फ्रीजरमधली एक पिशवी घेऊन. पिशवीवर पेनाने जानेवारीची तारीख आणि खाली लिहिलेलं, स्नाइप, आठ.

तर बाबा, स्नाइप असतो. मराठी पुस्तकांत त्याला पाणलावा म्हणतात आणि तो तुम्ही पाहिलेला आहे. वायंगणाच्या शेतात, पौष-माघात, चिखलातून चालताना पायाखालून एकदम खर्रकन काहीतरी उठतं, वाकडंतिकडं उडतं आणि दोन कुणगे पलीकडे चिखलात बसून दिसेनासं होतं, तोच. आपल्याकडचा आणि इकडचा इतके सारखे की बरीच वर्षं पक्षीतज्ज्ञ दोघांना एकच समजत होते. आता इकडच्याला वेगळा धरतात आणि विल्सन नावाच्या जुन्या पक्षीतज्ज्ञाच्या नावाने ओळखतात. शेपटीची पिसं आपल्याकडच्याला बहुधा चौदा आणि इकडच्याला सोळा, असा फरक. तो हातात घेतल्याशिवाय कळायचा नाही.

हंगाम फेब्रुवारीअखेर संपतो. त्याआधीच्या शनिवारी मिस्टर रे यांनी आम्हाला बरोबर नेलं. ओम, मी आणि त्यांची काळी कुत्री. बंदूक एकट्या मिस्टर रे यांच्याकडे, हेही आईला वाचून दाखवा. सुहास आला नाही. त्याचं पुढे सांगते.

बदकाची शिकार म्हणजे काय थाट असतो ते इकडे येऊन पाहिलं आहे. लाकडी बदकं पाण्यात सोडायची, गवताच्या आडोशात पहाटेपासून दबा धरून बसायचं, शिट्ट्या वाजवायच्या. पाणलाव्याला यातलं काही नाही. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालायचे आणि चालायचं. ऊन वर आल्यावर गेलं तरी चालतं. मिस्टर रे यांनी शेताच्या कडेला उभं राहून आधी वारा बघितला आणि वारा पाठीवर घेऊन चालायला सुरुवात केली. मला वाटलं होतं उलटं हवं, वास जाऊ नये म्हणून. पण हा पक्षी वाऱ्याच्या तोंडावर उडतो. वारा आपल्या पाठीमागून असला की उठल्या उठल्या त्याला आपल्याच दिशेने यावं लागतं, निदान आडवं तरी जावं लागतं. नाहीतर तो सरळ पळून जातो आणि बार काढेपर्यंत पार लांब गेलेला असतो.

चालणं किती अवघड आहे ते तुम्हाला सांगायला नको. भाताचे खुंट, घोटाभर पाणी आणि खाली चिकण चिखल. एक पाय काढावा तर दुसरा रुतलेला. आणि अशा वेळी तो उठतो. समोर दहा पावलांवर नुसता चिखल दिसत असतो, तुम्ही त्याच्याकडे टक लावून बघत असता, आणि त्या चिखलातूनच 'स्केप' असा कापड फाटल्यागत आवाज येतो. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे, मग एकदम वर. मिस्टर रे यांचा पहिला बार गेला, दुसरा गेला, पक्षी तसाच निघून गेला. म्हातारा मनापासून हसला. म्हणाला, साठ वर्षं झाली, अजून ते तसेच उडतात आणि मी तसाच चुकतो.

पाणलाव्याच्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा उडण्याच्या स्नायूंचाच असतो, किनाऱ्या-चिखलातल्या त्याच्या भाऊबंदांत सगळ्यांत जास्त. वेग तासाला शंभर किलोमीटरच्या आसपास जातो म्हणतात. आणि सगळं मिळून वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम.

एक पडला तो कुत्रीने आणून दिला. मिस्टर रे यांनी ओमच्या तळहातावर ठेवला, म्हणून मला जवळून बघता आला. सगळ्यांत आधी चोच दिसते. बोटाएवढी लांब, सरळ, अंगाच्या मानाने फारच मोठी. मिस्टर रे यांनी तिचं टोक चिमटीत धरून वाकवून दाखवलं, ते मऊ असतं. चोच चिखलात पार खुपसलेली असतानाही नुसतं टोक तेवढं उघडता येतं, म्हणजे गांडूळ आतल्या आत पकडायचं आणि गिळायचं. टोकाला बारीक बारीक खळगे असतात, त्यांनी चिखलातली हालचाल कळते. डोळे इतके मागे की तोंड चिखलात असतानाही मागून येणारा दिसावा. पाठीवर तपकिरी, काळ्या आणि फिक्या पिवळ्या रेघा. कापलेल्या भाताचे खुंट आणि त्यांच्या सावल्या, तेच रंग. ओमने त्याला परत जमिनीवर ठेवून पाहिलं, आणि मेलेला असूनही तो दिसेना.

मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. आपण कोंबडी-मासे खाणारे, म्हणून फार बोलण्याचा हक्क नाही, पण एवढंसं पाखरू हातात घेतल्यावर वाटतंच.

मिस्टर रे यांनी त्या दिवशी तीन मारले. कायद्याने दिवसाला आठ मारता येतात. त्याआधी नोंदणी करावी लागते, आणि नोंदणी करताना सरकार विचारतं की गेल्या वर्षी बदकं किती मारलीत, होले किती, स्नाइप किती. ओमला हे कळल्यावर तो जो हसत सुटला! ज्याला मास्तर म्हणतात की असा प्राणीच नसतो, त्याचा हिशेब वॉशिंग्टनचं सरकार ठेवतं.

घरी आल्यावर मिसेस रे यांनी ते साफ केले. बिडाच्या भांड्यात चांगले लाल होईपर्यंत परतले, मग कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी घालून झाकण ठेवून बराच वेळ शिजत ठेवले. इकडचं सगळं स्वयंपाकघर या तिघांवर चालतं. खाली पांढरा भात, वर तो गडद रस्सा. मांस काळपट, वासाला थोडं उग्र, एकेका पक्ष्यात दोन घास. मला आवडलं. ओमने दोनदा रस्सा मागितला. आपलं थोडं वाटप घातलं असतं तर आणखी रंगलं असतं, पण दुसऱ्याच्या चुलीपुढे मी गप्प बसले.

मिस्टर रे यांच्या बोलण्यातून आणि नंतर थोडं वाचून मला जी माहिती मिळाली ती बाबा तुमच्यासाठी. एकोणिसाव्या शतकात याच दक्षिण लुइझियानात प्रिंगल नावाचा एक शिकारी होता. १८६७ ते १८८७ अशी वीस वर्षं त्याने पाणलाव्याच्या शिकारीची रोजची वही ठेवली आणि पुढे १८९९ मध्ये ती पुस्तक म्हणून छापली. वीस वर्षांची बेरीज ६९,०८७. एकट्या माणसाची. ११ डिसेंबर १८७७ या एका दिवशी ३६६. त्याने लिहून ठेवलं आहे की हे पक्षी या मुलखात थोडाच काळ राहतात, म्हणून मी त्यांच्यावर दया केली नाही. तुम्ही पावसाची वही ठेवता तशीच ही वही, तितकीच नेटकी, आणि वाचताना अंगावर काटा येतो. नुसत्या हौसेने मारणारे होते तसे बाजारात विकायला मारणारेही होते. १९१८ मध्ये स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांचा कायदा आला आणि विक्री बंद झाली. पुढे कडाक्याच्या थंडीत दक्षिणेत आलेले पाणलावे फार मेले, म्हणून १९४१ पासून शिकारच बंद केली ती थेट १९५३ मध्ये उघडली. मिस्टर रे यांचे वडील ती बंदी उठल्यावर पुन्हा चिखलात उतरले. पण त्यांचे बहुतेक सोबती तोवर बदकांकडे वळले होते आणि तिकडेच राहिले. बदक मोठं, मांस जास्त, चालावं लागत नाही. आता मिस्टर रे यांच्या ओळखीत पाणलाव्यामागे जाणारे तेच एक.

मला जे वाटतं ते हे. ही थट्टा ज्यांनी पहिल्यांदा केली त्यांना पाणलावा चांगला ठाऊक होता. बंदुकीच्या छऱ्यांनाही जो सापडत नाही, ज्याच्यामागे पट्टीचे शिकारी चिखलात दमतात, तो पक्षी म्हणे पोत्यात आपणहून येणार. गंमत ही होती. ऐकणाऱ्या सगळ्या गावाला ती कळायची, फक्त त्या परक्याला कळायची नाही. पुढे शिकार मागे पडली, लोक शहरात गेले, मध्ये ती बारा वर्षांची बंदी आली आणि पक्षी लोकांच्या डोक्यातून गेला. थट्टा मात्र राहिली, आणि आता तिचा अर्थच फिरला. आता थट्टा करणाऱ्याला वाटतं की नसलेल्या प्राण्यामागे पाठवण्यात गंमत आहे. म्हणजे पोतं धरून बसलेल्या पोराइतकंच अज्ञान शेकोटीपाशी बसलेल्यांचं. मिस्टर रे यांना मी हे बोलून दाखवलं तर ते म्हणाले, तसं असेल, पण माझ्या नातवाला मी स्वतःच बसवला होता पोतं देऊन, फार मजा आली.

अशा थट्टा युरोपातही आहेत. फ्रान्सच्या डोंगराळ भागात पाहुण्याला 'दाहू' पकडायला नेतात. दाहू म्हणजे बकरीसारखा प्राणी, डोंगराच्या उतारावर चालून चालून त्याचे एका बाजूचे पाय आखूड झालेले. त्याला मागून हाक मारली की तो वळतो आणि गडगडत खाली येतो, मग पायथ्याशी पोतं धरून बसायचं. स्पेनमध्ये 'गामुसिनो' धरायला पाठवतात, आणि जर्मनीच्या एका भागात एल्वेत्रिच नावाचा पंखवाला प्राणी आहे, त्याचं तर एका गावात कारंजं उभारलं आहे. पण हे सगळे निखालस काल्पनिक. खऱ्याखुऱ्या, शेतात फिरणाऱ्या पक्ष्याला खोटं ठरवायचं काम एवढ्या इमानेइतबारे कुणी केलं असेल तर ते इकडच्यांनी.

आपल्याकडे पोतं घेऊन बसवायचा प्रकार मी पाहिला नाही. आपल्याकडे अंधारात चकवा लागतो आणि तो माणसाला रात्रभर फिरवून परत त्याच मेरेवर आणून सोडतो, त्यामुळे हे काम करायला मोठ्या मुलांची गरज पडत नसावी.

हे पक्षी इकडे कुठून येतात तेही ओमने शोधून काढलं. उन्हाळ्यात कॅनडा, अलास्का इथे अंडी घालतात. चार अंडी. पिल्लं अंड्यातून बाहेर आली की बाप पहिल्या दोघांना घेऊन एकीकडे जातो आणि आई उरलेल्या दोघांना घेऊन दुसरीकडे, मग त्या दोघांचा काही संबंध राहत नाही. आई, याच्यावर तुला काय बोलायचं असेल ते मला अंदाजाने कळलं. विणीच्या दिवसांत नर संध्याकाळी उंच जाऊन सूर मारतो आणि शेपटीची कडेची पिसं पसरून त्यांच्यातून वारा घुमवतो. तो आवाज गळ्याचा नाही, पिसांचा. ते इथे नाही, तिकडे उत्तरेत ऐकू येतं. आपल्याकडे येणारे पाणलावे हिमालयातून, काही तर थेट सैबेरियातून येतात आणि चैत्रापर्यंत परत जातात.

म्हणून बाबा एक काम आहे. वायंगण अजून उभं असेल. सकाळी पाणी बघायला जाल तेव्हा व्हाळाच्या बाजूच्या खालच्या कुणग्यांत, जिथे पाणी कमी आणि चिखल मोकळा असतो, तिथे जरा हळू चालून पाहा. उठलाच तर कुठून उठला, आवाज केला का आणि एकटा होता की जोडीने, ते सांगा. ओमने त्यासाठी एक वही केली आहे. त्यात एका पानावर क्रौली लिहिलंय, समोरच्या पानावर आपल्या गावाचं नाव. ते पान अजून कोरं आहे. दादाला फोटो काढायला सांगू नका, तो पोचेपर्यंत पक्षी पलीकडच्या वाडीत गेलेला असेल. आणि आपल्याकडे शिकारीला कायद्याने बंदी आहे हे ओमला मी सांगून ठेवलंय, म्हणजे मे महिन्यात आल्यावर तो कुणाकडे छऱ्याची बंदूक मागायला जाणार नाही. तसाही मेमध्ये पाणलावा तिथे नसतो, पण कवडे-होले असतात आणि हा पोरगा उत्साही आहे.

आता सुहासचं. मिस्टर रे म्हणतात, पुढच्या हंगामात ओमला शिकवतो. शिकारीचा रीतसर अभ्यासक्रम असतो, तो करायचा, मग मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली हलकी बंदूक. ओमने त्या दिवसापासून दुसरा विषय काढलेला नाही. सुहास ठाम नाही म्हणतो. त्याचं म्हणणं, ज्या देशात शाळेत बंदुकीच्या भीतीने पोरांना बाकाखाली लपायची तालीम देतात तिथे आपण आपल्या हाताने पोराला बंदूक द्यायची नाही. मिस्टर रे यांना त्याने हे तोंडावर सांगितलं आणि त्यांनीही ते ऐकून घेतलं, उलट काही बोलले नाहीत.

मला सुहासचं पटतं. पण त्या शेतात ओम ज्या तऱ्हेने चालत होता ते मी पाहिलं आहे. एरवी हातातलं गेम न सोडणारं पोर दोन तास वारा कुठून येतो ते बघत होतं, चिखलात चोचीने पाडलेली भोकं शोधत होतं, आणि मिस्टर रे बोट दाखवतील त्या जागेवरून नजर हलवत नव्हतं, कारण पडलेल्या पक्ष्याची जागा एकदा नजरेतून सुटली की तो मिळत नाही. असं शिकवणारं माणूस इथे दुसरं कुठून आणू? सध्या मी असं सुचवलंय की पुढच्या नोव्हेंबरपासून त्याने नुसतं बरोबर जावं, पडलेला पक्षी शोधायला, बंदुकीला हात न लावता. सुहास विचार करतो म्हणालाय. ओम म्हणतो, म्हणजे मी कुत्रीचं काम करायचं का?

तुमच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती आणि ती त्यांनी स्वतःहून जमा केली, एवढं मला माहीत आहे. का केली ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. तेही लिहा आणि ओमच्या बाबतीत तुमचं काय म्हणणं आहे तेही लिहा. आईचं मत मला न विचारता कळलेलं आहे.

आईच्या गुडघ्याला ते तेल लागू पडलं का? दादाबरोबर आगळ आणि तिरफळं पाठवायची विसरू नका, तो जुलैत ह्यूस्टनला येणार आहे, तिथून आम्ही घेऊन येऊ. काकींना नमस्कार. बाबांनी ऊन चढायच्या आत शेतातून घरी यावं.

तुमची,
मनू